थांबण्याचा पाव सेकंद

चौदा वर्षांचा एक मुलगा एमआरआयच्या बोगद्यात उताणा पडला आहे. यंत्राचा ठकठकाट चालू आहे, डोकं अजिबात हलवायचं नाही अशी ताकीद आहे आणि डोळ्यांपुढच्या पडद्यावर बाण येत आहेत. बाण डावीकडे वळलेला असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडे असेल तर उजवं. खेळ सोपा आहे. थोड्या वेळात बोटं आपोआप चालू लागतात. मग मधूनच, साधारण पाचातून एकदा, आडव्या बाणामागोमाग एक उभा बाण झळकतो. त्याचा अर्थ एवढाच, की थांब, निघालेलं बोट मागे घे.

कधी जमतं, कधी बटण दाबलं जातं आणि मग हळहळ वाटते. जमलं की पुढच्या वेळी उभा बाण किंचित उशिरा येतो, म्हणजे थांबणं आणखी अवघड होतं. चुकलं की किंचित लवकर येतो. असं करत करत संगणक प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या काठावर आणून उभं करतो. तिथे निम्म्या वेळा थांबता येतं आणि निम्म्या वेळा येत नाही. कुठल्या मुलाचा काठ कुठे आहे, तेवढंच संशोधकांना हवं असतं.

थांबणं मोजायची ही युक्ती गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली नीट मांडली. अडचण अशी होती, की बटण दाबलेलं दिसतं, त्याची वेळ घड्याळ लावून मोजता येते; पण न दाबलेल्या बटणाची वेळ कशी मोजणार? त्यांनी डोक्यात चाललेल्या शर्यतीचं चित्र उभं केलं. ‘कर’ नावाचा घोडा आधी सुटतो, ‘थांब’ नावाचा घोडा मागून. मागचा घोडा पुढे गेला तर हात आवरतो, नाही तर नाही. पुढच्या घोड्याचा वेग माहीत आहे, मागचा किती उशिरा सोडला तेही माहीत आहे. त्यावरून मागच्याचा वेग गणिताने काढता येतो. त्याला लागणारा वेळ निघतो पाव सेकंदाच्या आतबाहेर.

क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हा पाव सेकंद ओळखीचा वाटेल. ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोचतो. ऑफस्टंपच्या बाहेर चाललेल्या चेंडूवर बॅट निघते आणि शेवटच्या क्षणी मागे घेतली जाते. प्रशिक्षक पोरांना फटका शिकवतात तितक्याच नेटाने चेंडू सोडायलाही शिकवतात. घरातही तेच चालतं. जिभेवर आलेलं उत्तर, उगारलेला हात, ‘पाठव’वर टेकलेलं बोट, मित्राने पुढे केलेली सिगारेट, हे सगळं त्याच शर्यतीत सापडलेलं असतं.

बाणांचा हा खेळ एकाच मुलाने खेळून भागत नाही. लंडन, नॉटिंगहॅम, डब्लिन, पॅरिस, बर्लिन, हँबर्ग, मॅनहाइम आणि ड्रेस्डेन अशा आठ शहरांतली सुमारे दोन हजार मुलं-मुली ‘इमॅजेन’ नावाच्या युरोपीय प्रकल्पात त्या बोगद्यात झोपली. सगळी चौदा वर्षांची, म्हणजे आपल्याकडच्या आठवी-नववीतली. त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, जनुकं तपासली, स्वभावाबद्दल आणि व्यसनांबद्दल प्रश्न विचारले. त्यातल्या १,८९६ मुलांच्या नोंदींवरून रॉबर्ट व्हेलन, ह्यू गॅराव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले.

त्यातला पहिला निष्कर्ष घराघरात सांगावा असा आहे. उतावळेपणा ही एकच एक गोष्ट नाही. बोट थांबतं तेव्हा मेंदूतली काही जाळी कामाला लागतात, चुकतं तेव्हा दुसरी. ज्या मुलांनी त्या कोवळ्या वयात दारू, सिगारेट किंवा अमली पदार्थांची चव घेतली होती, त्यांच्यात डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या भागातलं एक जाळं मंद चालत होतं. ज्यांच्यात अतिचंचलतेची, म्हणजे एडीएचडीची लक्षणं होती, त्यांच्यात फरक दिसला तो वेगळ्या जाळ्यांत. बाहेरून दोन्ही मुलांना आपण ‘वांड’ हा एकच शब्द वापरतो. आत मात्र दोन निराळ्या गोष्टी चाललेल्या असतात.

आणि थांबण्याचा वेग? त्याचा संबंध उजव्या कपाळामागच्या एका घडीशी होता. तिला ‘इन्फिरियर फ्रंटल गायरस’ म्हणतात. या जागेला इजा झालेल्या माणसांना निघालेली कृती थांबवायला जास्त वेळ लागतो, हे २००३ पासून माहीत आहे. इमॅजेनच्या मुलांमध्ये या घडीची हालचाल एका जनुकाच्या रूपांनुसारही बदलत होती.

हे जनुक नॉरएपिनेफ्रिन नावाच्या रसायनाशी संबंधित आहे. चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तेव्हा हे रसायन त्यांच्यामधल्या फटीत सोडलं जातं. निरोप पोचला की ते उचलून परत आत घ्यावं लागतं, नाही तर जुना निरोपच घुमत राहतो. उचलण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाचा नकाशा या जनुकात असतो. कपाळामागच्या भागात या प्रथिनावर दुहेरी भार पडतो, कारण डोपामाइन हे दुसरं निरोप्या रसायन उचलणारी यंत्रणा तिथे तुटपुंजी आहे आणि तेही बरंचसं हेच प्रथिन उचलतं. एडीएचडीवर दिलं जाणारं ॲटोमॉक्सेटिन हे औषध नेमकं याच प्रथिनाला अडवतं. ते घेतल्यावर बाणांच्या खेळात थांबण्याचा वेळ कमी होतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे जनुक, रसायन, मेंदूतली घडी आणि बोटाचं थांबणं ही साखळी कडीला कडी जोडत दिसते.

मग संयम जन्मतःच ठरतो का? याचं उत्तर जुळी मुलं देतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच जुळतात. घर दोघांचंही एकच. एकबीज जुळी संयमाच्या बाबतीत एकमेकांशी जास्त मिळतीजुळती निघाली, तर तो जास्तीचा सारखेपणा जनुकांच्या खात्यावर जातो. ३० हजारांहून अधिक जुळ्यांच्या अभ्यासांची २०१९ साली एकत्र मोजदाद झाली, तेव्हा माणसामाणसांतल्या संयमाच्या फरकाचा सुमारे ६० टक्के भाग आनुवंशिक निघाला. हा आकडा वाचताना एक काळजी घ्यायला हवी. एखाद्या मुलाचा संयम साठ टक्के आईवडिलांकडून आणि चाळीस टक्के शाळेकडून येतो, असा त्याचा अर्थ नाही. वर्गातल्या मुलामुलांत जो फरक आहे, त्या फरकाची ही वाटणी आहे. त्याच मोजदादीत जनुकांचा वाटा मुलग्यांत आणि मुलींत वेगळा दिसला नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तरीही लिंगभेदाचा विषय इथे संपत नाही, कारण काही जनुकं बसलेलीच आहेत लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर.

१९७८ साली नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रुग्णालयात एक स्त्री आली. तिच्या घराण्यातल्या काही पुरुषांचं वागणं तिला छळत होतं. बुद्धीने ते थोडे मागे होते आणि राग आला की कुठल्या थराला जातील याचा नेम नसे. कुणी आग लावलेली, कुणी स्त्रियांवर हात टाकलेला. घराण्यातल्याच एका शिक्षकाने १९६२ मध्ये अशा पुरुषांची वंशावळ कागदावर उतरवून ठेवली होती. ती पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. हा दोष फक्त पुरुषांत प्रकट होत होता आणि पुढच्या पिढीत जात होता तो मात्र धडधाकट स्त्रियांमार्फत. अशी चाल एक्स गुणसूत्राची असते. हान ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी शोध घेत घेत १९९३ साली ते जनुक पकडलं. नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज ए, लघुरूपात ‘एमएओए’. त्यात एका अक्षराचा बदल झाला होता आणि तेवढ्याने ते एन्झाइम बनणंच बंद पडलं होतं. सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन, डोपामाइन या निरोप्या रसायनांची काम झाल्यावर विल्हेवाट लावणारं हे एन्झाइम.

मुलाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं, तेही आईकडून आलेलं. त्यावर जे लिहिलं असेल ते निमूट वाचायचं. दुसरी प्रत नाही. मुलीकडे दोन असतात, एक आईचं आणि एक वडिलांचं. तिच्या प्रत्येक पेशीत त्यातलं एक जवळजवळ मिटून ठेवलेलं असतं. कुठल्या पेशीत कुठलं मिटलं जाईल हे गर्भावस्थेतच, नशिबाने ठरतं. १९६१ साली मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी ही कल्पना मांडली. तिचा पुरावा गल्लोगल्ली हिंडतो. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस ठिपके असलेली तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण काळा की तांबूस हे ठरवणारं जनुक एक्सवर आहे आणि तिच्या कातडीच्या एका ठिपक्यात एक एक्स चालू असतो, शेजारच्यात दुसरा. मुलीच्या शरीरातही असंच ठिपक्याठिपक्यांचं काम असतं. एका प्रतीत बिघाड असला तरी दुसरी तो निभावून नेते. डच घराण्यातल्या बायका त्यामुळे सुटल्या, त्यांचे भाऊ आणि मुलगे सापडले.

असं घराणं विरळाच. पण एमएओएची सौम्य रूपंही आहेत. एका रूपात एन्झाइम जास्त बनतं, दुसऱ्यात कमी. कमीवालं रूप मुळीच दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांतल्या एकाकडे ते असतं. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा संशोधक तेव्हापासून मागोवा घेत आले आहेत. अव्हशालोम कॅस्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली त्यांतल्या मुलग्यांबद्दलचा शोध प्रसिद्ध केला. कमी एन्झाइमचं रूप आणि लहानपणी सोसलेली मारहाण किंवा छळ अशा दोन्ही गोष्टी वाट्याला आलेले मुलगे अवघे १२ टक्के होते. हिंसेच्या गुन्ह्यांतल्या ४४ टक्के शिक्षा मात्र त्यांच्या नावावर होत्या.

जनुक तेच, पण घर मायेचं, अशी मुलंही त्या पाहणीत होती. ती इतरांसारखीच निघाली. या शोधाचा गाभा तोच होता. तरी वर्तमानपत्रांनी त्या जनुकाला ‘योद्धा जनुक’ नाव ठेवून टाकलं. २००९ साली इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या अपील न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीची शिक्षा वर्षभराने कमी केली, तेव्हा दिलेल्या कारणांमध्ये या जनुकाचाही आधार होता. पुढच्या अभ्यासांत डनेडिनचं चित्र कधी दिसलं, कधी फिकट झालं. मुलींमध्ये तर ते कधीच तितकं ठळक नव्हतं. २०१३ साली इमॅजेनच्याच नोंदींतून आणखी एक पदर उलगडला. अतिचंचलतेची लक्षणं असलेल्या मुलग्यांच्या मेंदूची चित्रं त्यांच्याकडे एमएओएचं कुठलं रूप आहे त्यानुसार वेगवेगळी होती. लक्षणं सारखी, आतल्या वाटा दोन.

एका जनुकावर सगळा दोष टाकायचे दिवस आता सरले आहेत. २०२१ साली सुमारे १५ लाख लोकांच्या जनुकसंचाची चाळण झाली. अतिचंचलता, धूम्रपानाची सुरुवात, दारूची समस्या, धोका पत्करायची वृत्ती अशा आवर सुटण्याशी जोडलेल्या गोष्टींची मुळं एकत्र शोधली गेली. अशा ५७९ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. गोडा मसाल्यात कुठल्या एका जिन्नसावर बोट ठेवून ‘चव याची’ म्हणता येत नाही, तसंच हे आहे.

मुलगे आणि मुली यांच्यात सरसकट दिसणारा फरक कुठे आहे? तो बराचसा वेळापत्रकात आहे. अमेरिकेत जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांच्या मेंदूचं वर्षानुवर्षं छायाचित्रण केलं आणि १९९९ साली दाखवून दिलं, की कपाळामागच्या भागातला करडा थर वयात येताना फुगतो आणि मग पातळ होऊ लागतो. या फुगण्याचं टोक मुलींमध्ये ११ व्या वर्षी येतं, मुलग्यांमध्ये १२.१ व्या वर्षी. पुढे चालते ती छाटणी. नाशिकचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबरात वेल छाटतो तो घडांना जोर यावा म्हणून. वापरात नसलेले जोड काढून टाकून मेंदूही असाच कामाच्या वाटा पक्क्या करतो. मुली या टप्प्यावर आधी पोचतात. सातवी-आठवीच्या वर्गात शेजारशेजारच्या बाकांवर बसलेली मुलं-मुली एकाच वयाची असली, तरी मेंदूच्या वाटचालीत एकाच मुक्कामावर असतीलच असं नाही.

दुसरा फरक ओढीचा आहे. अमेरिकेतल्या १० ते २५ वयाच्या ८,२७० जणांच्या नोंदी २०१५ साली तपासल्या गेल्या. थराराची ओढ मुलग्यांत सरासरीने जास्त होती आणि ओसरतही सावकाश होती. आवर घालण्याची शक्ती त्यांच्यात हळूहळू वाढत होती, मुलींमध्ये लवकर. याआधी २०११ साली कॅथरीन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २७७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एक बारीक गोष्ट लक्षात आली होती. थरार शोधणं आणि धोका पत्करणं यात पुरुष पुढे, शिक्षेची धास्ती घेण्यात स्त्रिया पुढे. जाणीवपूर्वक स्वतःला थोपवण्याच्या क्षमतेत मात्र दोघांत फारसं अंतर नव्हतं. गाडीच्या भाषेत बोलायचं तर ब्रेक जवळपास सारखेच, ॲक्सिलरेटरवरचा पाय वेगळा. त्याचे परिणाम रस्त्यावर दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २५ वर्षांखालच्या मुलग्यांचा रस्ते अपघातात मृत्यू होण्याचा संभव त्याच वयाच्या मुलींच्या जवळजवळ तिप्पट आहे.

सरासरीच्या या आकड्यांखाली एक अन्याय झाकला जातो. अतिचंचल मुलगा बाक वाजवतो, मधेच उठतो, शिक्षकांच्या डोळ्यांवर येतो आणि मग तपासणीला जातो. त्याच व्याधीची मुलगी पुष्कळदा खिडकीबाहेर बघत गप्प बसते. तिला ‘वेंधळी’ म्हणून सोडून दिलं जातं आणि तिचं निदान वर्षानुवर्षं राहून जातं.

लिंग आणि जनुक यांच्यावर वयाची सावली पडतेच. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या पाच हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. त्यात भारतही होता. थराराची ओढ १९ व्या वर्षी कळसाला पोचते आणि स्वतःला आवरण्याची शक्ती २३ ते २६ च्या दरम्यान स्थिरावते, असं चित्र २०१८ साली पुढे आलं. गॅस आधी, ब्रेक नंतर. त्यात मित्र बघत असतील तर गॅस आणखी मोठा होतो. २०११ च्या एका प्रयोगात किशोरांना एकदा एकट्याने आणि एकदा मित्र बघत असताना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ खेळायला लावला. मित्र पाहत असताना त्यांनी पिवळा दिवा जास्त वेळा ओलांडला आणि मेंदूतलं बक्षिसाचं केंद्र जास्त पेटलं. मोठ्या माणसांत असा फरक पडला नाही.

अकरावीच्या क्लासला जाण्यासाठी घरची स्कूटर हाती देणाऱ्या आईवडिलांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. एकटा जाणारा मुलगा आणि मागे दोन मित्र बसवलेला तोच मुलगा, यांच्या डोक्यात एकच चालक बसलेला नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. संयम स्थिरावण्याचं वय त्याच सुमाराचं आहे.

डनेडिनच्या त्या हजार मुलांनी आणखी एक गोष्ट शिकवली. ३ ते ११ या वयात ज्यांचा संयम कमी होता, त्यांचं ३२ व्या वर्षी आरोग्य, पैसा आणि कायद्याशी संबंध या सगळ्यांतच बिनसलेलं दिसलं. मुलींचा संयम सरासरीने जास्त होता, पण कमी संयमाची किंमत मोजावी लागण्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. या वाटेवर मधे सापळे होते. पंधराव्या वर्षापर्यंत लागलेली सिगारेट, अर्धवट सोडलेली शाळा, कोवळ्या वयात आलेलं पालकपण. जे त्यात अडकले नाहीत त्यांचं नुकसान कमी झालं. लहानपणी उतावळी असलेली काही मुलं मोठी होता होता सावरली आणि बत्तिसाव्या वर्षी अपेक्षेपेक्षा चांगल्या जागी होती. जनुकं तीच होती. बदललं ते बाकीचं.

हे बाकीचं काय असतं, ते भारतात मोजायचं काम चालू आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेच्या पुढाकाराने आणि इमॅजेनचे प्रमुख गुंटर शूमान यांच्या सहभागाने ‘सी-वेदा’ नावाचा अभ्यास उभा राहिला. ६ ते २३ या वयाच्या सुमारे दहा हजार भारतीय मुलामुलींपर्यंत पोचायचं त्याने ठरवलं. युरोपातल्या मुलांच्या वाट्याला सहसा न येणाऱ्या कितीतरी गोष्टी इथे प्रश्नावलीत आहेत. पोटभर खायला मिळालं का, घर झोपडपट्टीत आहे का, विषारी द्रव्यांशी संबंध येतो का, आसपास दंगे-संघर्ष झाले का, घरात कुणाला मनाचा आजार आहे का. त्याबरोबर जनुकांचे नमुने, मेंदूची छायाचित्रं आणि नजर खिळवून सोडवायच्या कसोट्या. कोलकाता, इम्फाळ, चंडीगड, म्हैसूर, ऋषी व्हॅली अशा ठिकाणची मुलं त्यात सामील झाली.